तीन दिवसांची मुदत

"हरकत आली काय?" चष्मा कपाळावर सरकवून काका विचारायचे.

कुणीतरी मोबाइल बघून "नाही" म्हणायचं. मग चष्मा खाली यायचा. "मंग चला. न्याय आपल्या बाजूनं हाये." आणि दुसरबीडच्या स्टँडजवळ, चहाच्या टपरीमागच्या बाकड्यावर, पाच बापे लढाईला निघायचे. पाचांत सर्वांत कोवळा मी, वय सत्तेचाळीस. आमच्या घरी मुलगी बापावर ओरडते, मोबाइल ठेवा म्हणून.

मोबाइलवरच्या त्या खेळात दोन कुळं, गरुड आणि नाग. किल्ले, तळी, उडते घोडे. आम्ही गरुड. नाग आपले वैरी काऊन, हे खेळात कुठंच सांगितलेलं नाही, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. काकांचं अडलं. तहसीलच्या शिपाईपणात जन्म गेलेला, गावोगाव नोटिसा डकवण्यात. असा कागदाचा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. भिंत पाडायची तर आधी नोटीस, मग मुदत. तोच नियम त्यांनी आमच्या गटाला लावला. समोरच्याला निरोप पाठवायचा, त्यात कारण द्यायचं, तीन दिवसांत हरकत आली नाही तरच हल्ला.

"काका, साप चावायच्या आधी नोटीस देते काय?" मी एकदा म्हणालो.

"आपण साप हाओत काय बे?"

निरोप लिहिणं माझ्याकडं होतं. शाळेत निबंधाला कधी पाचाच्या वर मार्क पडले नाहीत, त्याची भरपाई मी इथं करायचो. सोनाळ्याच्या एका नाग कुळातल्या बाईंनी आमच्या हद्दीतलं तळं घेतलं, तेव्हा मी लिहिलं, "तुम्ही लेकराबाळांचं पाणी तोडलं."

काकांनी दोनदा वाचलं. "खेळात लेकरं कुठं हायेत?"

"असतील की काका. तळं आहे म्हणजे गाव आलंच."

निरोप गेला. सोनाळा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण माझी बहीण तिथं दिली आहे. दुसऱ्याच दिवशी भाऊजींचा संग्रामपुराहून फोन आला. सोनाळ्याची विजेची डीपी जळाली होती, लाइट नाही, सगळ्यांचे मोबाइल बंद, काळजी करू नका. मला सगळं समजलं. पण दोन महिन्यांत लढाई झाली नव्हती, आणि माझा नवा उडता घोडा नुसता उभा होता.

तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "हरकत आली काय?"

"नाही," मीच म्हणालो.

किल्ला दहा मिनिटांत पडला. दोन दिवसांनी बाईंचा आवाज आला मोबाइलवर. "भाऊ, डीपी जळेल होती आमची. तुमचा निरोप आज वाचला. तळं तुमचं हाये हे मले समजलंच नव्हतं, सोडलं असतं. दोन वर्सं लागली होती मले किल्ल्याले."

"खेळच हाये," बाकीचे म्हणाले. काकांनी तो आवाज तीनदा ऐकला. चहावर साय धरली.

"कागद भिंतीवर डकवला म्हंजे माणसानं वाचला, असं मी नोकरीभर धरून चाललो," ते म्हणाले. "कितीकांची घरं गेली असतील बे." मग माझ्याकडं वळले. "तुही बहीण तिथं हाये ना? तुले माहीत होतं काय?"

"नाही काका."

"मंग माह्या एकट्याचीच चूक."

दुसऱ्या सकाळपासून ते स्वतःच्या किल्ल्याचे चिरे काढून, गाडीत भरून, बाईंकडं पाठवू लागले. रोज एक गाडी. शत्रूला रसद दिली म्हणून गटानं त्यांना काढायचं ठरवलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. टपरीवर मात्र ते येत राहिले, आणि माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिले. ते मला जास्त जड गेलं.

दिवाळीच्या आधी काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले, जालन्याला नेईपर्यंत संपलं. खरं सांगायचं राहिलं, असं मी म्हणणार होतो. पण राहिलं नाही, मी ठेवलं.

त्यांच्या किल्ल्यावर मी अधूनमधून चक्कर मारतो. बुरूज नाहीत, दरवाजा नाही. मोकळ्या अंगणात चिऱ्यांनी भरलेली एक गाडी उभी आहे, बैल जुंपलेले. हाकायला कुणी नाही. खेळातले बैल बसत नाहीत, दमत नाहीत. नुसत्या माना हलवत उभे असतात.