मुकुटबनची सकाळची गाडी

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात बसचे मार्ग आखत होतो. नागपूरच्या कडेला ज्या नव्या वस्त्या उगवतायत, त्या मेट्रोला जोडायच्या, हे माझं काम. शहर पसरेल तिकडे गाड्या न्यायच्या. ताई म्हणाली, "सकाळची गाडी बंद करून राह्यले म्हणते. रिकामी धावते असं एसटीच्या अहवालात आलं म्हणे. प्राजूचं बारावीचं वरीस हाय. तुले यातलं समजते, तू एकडाव येऊन जाय."

मुकुटबनहून वणीच्या कॉलेजात वेळेवर पोचवणारी ती एकच एसटी. भाऊजी सरळ म्हणाले होते, गाडी गेली तर पोरगी घरी बसेल, रोज जीपमध्ये कोंबून मी पाठवणार नाही. मी रजा टाकली. लगेच निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: नागपूरहून वणीला थेट एसटी मिळते. जांब, वरोरा करत अर्धा दिवस गेलाच समजा. वरोऱ्यानंतर कोळशाचे ट्रक लागतात, तेव्हा खिडकी लावून घ्या आणि पांढरा शर्ट घालू नका. मी घातला होता. वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. वणी बऱ्याच वर्षांनी पाहिली. जिथे कपाशीची पऱ्हाटी उभी असायची तिथे प्लॉटांचे दगड रोवलेत, दुमजली घरं झालीत, मंगल कार्यालयं झालीत. गाव वाढलं याचं कौतुक वाटायला हवं. मला वाटत होतं, या सगळ्यांना लागणाऱ्या गाड्या आणणार कुठून? कुणाच्या तरी तोंडच्या काढूनच.

स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, चांगला होता. मुकुटबनची गाडी लागल्यावर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरा, नाहीतर उभ्याने जाल. माझ्या रुमालाशेजारी एका बाईंची पिशवी पडली. "भाऊ, इथं माही सासू बसते," त्या म्हणाल्या. सासू अजून बाजारात होती. मी सरकून बसलो.

ताईकडे भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. प्राजू पुस्तक उघडं ठेवून आमचं बोलणं ऐकत होती. "मामा, तुमी लाइनीवर गाड्या लावता ना? मंग आमची ठेवाले सांगा ना त्यायले," ती म्हणाली. नागपुरातल्या माझ्या नकाशांना इथे कुणी विचारत नाही, हे तिला कसं सांगायचं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या त्या गाडीने मी प्राजूसोबत निघालो आणि चक्रावलो. पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजच्या मुली, दवाखान्यात निघालेले म्हातारे, कापूस वेचायला पुढच्या गावी जाणाऱ्या बाया. ही गाडी रिकामी धावते असं अहवालात कसं आलं? ताईचे शेजारी देवरावभाऊ दांडीला लटकून उभे होते. त्यांना विचारलं.

"मोजाले आलते ना साहेब लोक," ते म्हणाले. "आदल्या दिवशी सांगून गेलते. मंग आमी साऱ्यायनं इच्चार केला. पाव्हणे येऊन राह्यले, त्यायले बसाले जागा नको काय? अन् एवढी गर्दी पाहून कंडक्टरले बोलले असते. भला मानूस हाय तो. त्या दिवशी आमी काळीपिवळी जीपनं गेलो. गाडी कशी मोकळी करून देली साहेबायले."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मागच्या बाकावरच्या बाया मान हलवत होत्या. प्राजूचं तोंड मात्र पांढरं पडलं. तीही त्या दिवशी जीपनेच गेली होती, मोठ्यांनी सांगितलं म्हणून. हसावं की डोकं आपटावं, मला समजेना. पाहुणचारापायी गाडी घालवणारं गाव मी पहिल्यांदाच पाहत होतो.

प्राजू कॉलेजला गेली आणि देवरावभाऊंना घेऊन मी फेऱ्या ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलो. माणूस सज्जन निघाला. सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला. म्हणाले, "वणीभोवतीच्या नव्या वस्त्यांना गाड्या द्यायच्यात. रिकामी फेरी मी राखू शकत नाही. पण महिनाभरात पुन्हा मोजून घेतो. कोणत्या दिवशी, ते सांगणार नाही."

"आधी सांगा ना साहेब, आमी तयारी ठेवतो," देवरावभाऊ म्हणाले.

"ती तयारी पाहिलीय मी," अधिकारी म्हणाले.

वणीहून परतीची गाडी धरली. वाटेत पुन्हा कोळशाचे ट्रक, पुन्हा धूळ. मनात एकच घोळत होतं. मोजायला येतील त्या दिवशी नेमकी गावातच वेचणीची घाई असली आणि गाडी मोकळी गेली तर? वणीच्या बाजाराचा दिवस सोडून भलताच निघाला तर? गर्दी रोज सारखी नसते, हे मी ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगतो. आता त्याचीच धास्ती वाटत होती.

घरी येऊन आठवडा झाला. तुम्ही मुकुटबनला जाल तर काय पाहाल, हे लिहायला बसलो, तर सुचेना. पांढऱ्या कापसाची शेतं आहेत, पिवळ्या फुलांवर आलेली तूर आहे. पण मला आठवतात ती दांडीला लटकलेली माणसं.

काल ताईचा फोन आला. प्राजू रोज जातेय, उभ्याने का होईना.

"गाडी भरून जाते ना?" मी विचारलं.

"भरूनच जाते. कवा मोजतील नेम नाही, म्हणून गावात पाळी लावली हाय. रोज चार घरायनं मानूस द्याचा. काम असो नसो, वणीले जाचं अन् वापस याचं. शेलकरांची म्हातारी तं काल नुसती स्टँडवर बसून आली."

मी म्हटलं, "ताई, असं किती दिवस चालवाल? वेचणी सोडून?"

ती म्हणाली, "उद्या आपली पाळी हाय. तुया भाऊजीचे पाय सुजले, अन् मले वेचाले जाणं हाय. मानूस कमी पडून राह्यला. तू येतं काय?"