उतरल्यावर जॉकी काय सांगतो

रेसच्या घोड्यांचा ट्रेनर पनवेलला कशाला राहतो, असं नवीन ओळख झालेला प्रत्येक माणूस मला विचारतो. उत्तर साधं आहे. आमचे घोडे थंडीत मुंबईला पळतात आणि पावसाळ्यात पुण्याला, आणि या दोन गावांच्या मधे मला परवडेल अशी जागा खांदा कॉलनीत मिळाली. दुसरा प्रश्नही ठरलेला असतो: रविवारी कुठला घोडा लागणार? ते मला माहीत असतं तर मी लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहिलो असतो का, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी वर्षानुवर्षं "सगळेच चांगले आहेत" असं सांगत आलोय आणि ते वर्षानुवर्षं मला लबाड समजत आलेत.

लबाड मी होतो, पण त्यांच्या बाबतीत नाही.

ट्रेनर व्हायच्या आधी बावीस वर्षं मी जॉकी होतो. माझे वडील पनवेल स्टेशनवर टांगा चालवायचे. त्यांचं एक कायमचं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या रेसकोर्सवरचे एक ट्रेनर. पनवेलच्या जुन्या ज्यू कुटुंबातले, घरात आमच्याहून चांगलं मराठी बोलणारे. भावंडं इस्रायलला निघून गेली, हे घोड्यांपायी इथेच राहिले. माझी उंची पाच फूट दोन इंचांवर थांबली तेव्हा आईला वाईट वाटलं आणि या साहेबांना आनंद झाला. ते मला घेऊन गेले, आणि टांग्याच्या घोड्यावर मी लहानपणापासून बसत असूनही कसं बसायचं ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

जॉकीचं आयुष्य म्हणजे वेग, असं लोकांना वाटतं. मला आठवते ती भूक. वजन बावन्न किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी भर उन्हात गाडीच्या काचा लावून, अंगात दोन स्वेटर घालून बसायचं. तहान लागली की चूळ भरायची आणि थुंकायची. लग्नानंतर बायकोनं पहिल्यांदा तांदळाच्या भाकऱ्या केल्या, त्यातली मी चतकोर खाल्ली. तिला वाटलं, भाकरी जमली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि भूक लागलेली असल्यामुळे मीही समजूत घालायच्या भानगडीत पडलो नाही.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. सकाळी घोडा पळवून आणला की जॉकी ट्रेनरसमोर येऊन उतरतो आणि एखादं वाक्य बोलतो. ट्रेनर जमिनीवर उभा असतो, त्याला दिसतं तेवढं दिसतं. घोड्याच्या खांद्यात, पाठीत काय चाललंय ते वर बसलेल्यालाच कळतं. त्या वाक्यावर घोडा रविवारी पळणार की नाही ते ठरतं. आणि घोडा पळाला नाही तर जॉकीचीही राइड जाते, त्याला बसायला मिळत नाही. अशा व्यवहारात खरेपणा कितपत टिकतो ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. वेग नसलेल्या घोड्याला आम्ही "अंतर कमी पडलं" म्हणायचो, चावऱ्या घोड्याला खेळकर म्हणायचो. आणि ज्याला कुठे तरी दुखतंय, तो आळशी.

साहेबांचा एक काळा घोडा होता. एका मोठ्या शर्यतीआधीच्या गुरुवारी मी तो पळवला. वळणावर त्याचा पुढचा उजवा पाय किंचित आखूड पडत होता. लंगडत नव्हता, खालून कुणालाही दिसलं नसतं. मला मांडीला कळलं. त्या रविवारसाठी मी चार दिवस अंड्याचा पांढरा भाग आणि कोऱ्या कॉफीवर काढले होते. मी उतरलो आणि म्हणालो, "छान आहे, साहेब. जरा आळशीपणा करतो, पण शर्यतीत उठेल."

रविवारी शेवटच्या वळणावर त्याचा पाय मोडला. मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझं कॉलरबोन गेलं. माणसं धावत आली, घोड्याभोवती हिरवा पडदा धरला आणि डॉक्टर शेवटचं इंजेक्शन घेऊन पडद्याच्या आत गेले. साहेब संध्याकाळी मला हॉस्पिटलमध्ये भेटायला आले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मला दिसायला हवं होतं." मी म्हणालो, "नाही, साहेब." एवढंच म्हणालो. पुढची अकरा वर्षं त्यांनी मला घोडे दिले, आधीपेक्षा जास्तच दिले. मग ते वारले. मी त्यांना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

गुडघे गेल्यावर मी ट्रेनर झालो. सहा घोडे होते माझ्याकडे, त्यातले दोन एकाच शेठचे. शेठ उरण रस्त्यावरच्या एका गावातले, आगरी. न्हावा शेव्याच्या कंटेनरांसाठी बरीच जमीन गेली, आणि उरलेल्या जमिनीवर ते शर्यतीचे बैल पाळायचे. बैलांना रोज दूध आणि अंडी. बैलांवरून त्यांचा मोर्चा घोड्यांकडे वळला, आणि त्यांनी एक कुमैत, तांबूस तपकिरी घोडी घेतली. ती सुटीवर असली की त्यांच्याच आवारात, बैलांच्या शेजारच्या गोठ्यात राहायची. घरातल्या बायका बैलांना ओवाळायच्या तसं तिलाही ओवाळायच्या. माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या, पण घोडीची काही तक्रार नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती मुंबईला पहिल्यांदा पळणार होती. शेठनी जॉकीच्या जर्सीसाठी हळदीचा पिवळा रंग निवडला होता आणि गावातून दोन बस भरून माणसं आणायचं ठरवलं होतं. दुसरे मालक माझ्याकडे येऊ घातले होते, ते या घोडीचं काय होतं ते बघून. माझं दुकान चालणार की बंद पडणार, ते त्या रविवारवर होतं.

गुरुवारी तिला माझ्या जॉकीनं पळवलं. साताऱ्याकडचा, पंचविशीतला, मोजकं बोलणारा माणूस. दोन वर्षं माझे घोडे तोच पळवत होता. तो माझ्यासमोर आला, उतरला, आणि घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "छान आहे, सर. जरा आळशीपणा करते, पण शर्यतीत उठेल."

मी घोडीच्या पायांकडे बघितलं.

"कुठला पाय?" मी विचारलं.

"पाय?"

"कुठला पाय आखूड पडतोय?"

"कुठलाच नाही, सर. लवकर उठायचा कंटाळा आहे तिला, बाकी काही नाही."

"हे बघ, खरं सांगितलंस म्हणून तुझी राइड जाणार नाही. माझा शब्द आहे."

"खरंच सांगतोय, सर."

त्याचा चेहरा लाल झाला. माणूस खोटं बोलताना लाल होतो, असं मी तेव्हा धरून चाललो. खरं बोलणाऱ्यावर कुणी असा संशय घेतला तर तोही लाल होईल, हे सुचलं नाही.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चारही पाय चाचपले, वाकवले, तिला दुडकी चालवून बघितली. काही नाही. "दुधानं तोंड पोळलंय का तुमचं?" असं ते हसत म्हणाले. मग मी स्वतः खोगीर चढवून तिच्यावर बसलो, अडुसष्ट किलोंचा माणूस. तिला फिरवली, वळणावर नेली. मलाही काही कळलं नाही. त्यावरून घोडी ठणठणीत आहे असं कुणीही म्हटलं असतं. मी म्हटलं, माझी मांडी म्हातारी झाली. घोडी पळणार हे पक्कं कळवायची वेळ संपायच्या आत मी तिचं नाव काढून घेतलं.

चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका ट्रेनरनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "जॉकी लपवतोय." आजूबाजूला पाचसहा जण होते. रेसकोर्सवरच्या माणसांच्या कानांना कधी सर्दी होत नाही.

शुक्रवारी मी शेठच्या घरी गेलो. ते गोठ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. अंगणात पिवळ्या टोप्यांची पोती पडली होती, गावकऱ्यांसाठी आणलेली.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर बोलतो काय नाय. जॉकी बोलतो काय नाय. तुमी सोता बसून बघितलं, तवा बी काय नाय. मंग हाय असं बोललं कोन?"

"मला वाटलं," मी म्हणालो.

"वाटलं! आमी दोन बसी भरल्या, आनि तुमाला वाटलं!"

माझ्याकडे उत्तर होतं. ते द्यायचं तर काळ्या घोड्यापासून सुरुवात करावी लागली असती. मी चप्पल घातली आणि निघालो. पंधरा दिवसांत शेठनी दोन्ही घोडे दुसऱ्या ट्रेनरकडे नेले. येऊ घातलेले मालकही आले नाहीत. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, पण इतकं?" तिला काही माहीत नव्हतं. उगाच चिडवायला बोलली, आणि मी तिच्यावर खेकसलो.

घोडी सीझनमध्ये तीनदा पळाली. एकदा दुसरी आली, एकदा जिंकली. दोन्ही वेळा सुरुवातीला सगळ्यांच्या मागे, आणि शेवटच्या वळणावर एकदम जाग आल्यासारखी पुढे. तिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. जिंकली त्या दिवशी मी कठड्यापाशी उभा होतो. पलीकडे पिवळ्या टोप्या नाचत होत्या. मला दुःख झालं असं म्हणता येणार नाही. उलट पहिला विचार आला तो, पाय शाबूत आहे, हाच. दुसरा विचार जॉकीचा आला, कारण पाठीवर तो नव्हता.

त्याला घोडे मिळायचे बंद झाले होते. दुखणं लपवणारा जॉकी ट्रेनरना नको असतो, म्हणजे ज्याच्याबद्दल 'लपवतो' असं चारचौघांत बोललं गेलंय, तो नको असतो. मी दोघातिघांना म्हणालो, अरे, माझी चूक झाली. त्यांनी मान डोलावली. मी भल्या मनानं त्याच्यावर पांघरूण घालतोय, असं त्यांना वाटलं.

सीझन संपल्यावर तो माझ्या घरी आला. तीन जिने चढूनही त्याला धाप लागली नव्हती. बायकोनं चहा दिला आणि ती आत गेली. तो म्हणाला, म्हैसूरला चाललोय. तिथे सकाळी घोडे पळवायचं काम मिळालंय. शर्यतीत बसायला नाही, फक्त सकाळचं.

"जायच्या आधी एक विचारायचं होतं, सर. मी खोटं बोलतोय असं तुम्हाला का वाटलं?"

"कारण मी बोललो होतो," मी म्हणालो. "हेच वाक्य."

मग मी त्याला सगळं सांगितलं. वळण, आखूड पडणारा पाय, अंड्याचा पांढरा भाग, हिरवा पडदा, साहेब हॉस्पिटलमध्ये काय म्हणाले ते. आयुष्यात पहिल्यांदा सांगत होतो, त्यामुळे क्रम चुकत होता, आणि मला माझाच राग येत होता. चहावर साय धरली.

"त्यानंतर तुम्ही किती वर्षं घोड्यावर बसलात?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"राइड कमी झाल्या?"

"नाही. वाढल्या."

त्यानं मान हलवली. सायीसकट चहा एका घोटात संपवला आणि कप उचलून स्वतःच आत ओट्यावर ठेवून आला. दाराशी बूट घालताना तो खाली वाकला होता. चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच मला बोलता आलं. मी म्हणालो, "मला माफ कर. मी तुझं आयुष्य बिघडवलं."

तो सरळ उभा राहिला, आणि माझ्याकडे न बघता हसला.

"छे, सर. तसं काही नाही. मला काहीच वाटलं नाही," तो म्हणाला.

दोन वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला.