चुकीच्या जागचा खिसा

माझे सासरे घरातसुद्धा सदऱ्याचं गळ्याचं बटण लावून बसत. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मी त्यांना नुसत्या बनियनवर पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात वीज गेली तरी नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, मोजकं आणि तिरकं बोलणारा माणूस. पुण्याच्या पेठेतलं घर सोडून आम्ही शहराबाहेर मांजरी गावात फ्लॅट घेतला, तेव्हा ते म्हणाले, "पेठ सुटली, अर्धा मेलो तो इथेच."

मग त्यांचं यकृत निकामी झालं. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला माणूस, पण आजाराचं नाव ऐकून सोसायटीतल्या काहींनी भुवया उंचावल्याच. मला त्यांचा आजही राग येतो. बाबांच्या पोटात पाणी साचायचं. लघवीच्या गोळ्या मूत्रपिंडांना झेपेनात, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी दवाखान्यात नेऊन सुईने पाणी काढायचं. चौथ्या खेपेनंतर ते म्हणाले, "बरा होणार नाही, हे मला कळलंय. आता मला इथे आणू नका."

तेव्हा एक डॉक्टरीणबाई भेटल्या. बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाचा त्रास कमी करणं, हेच त्यांचं काम. त्यांनी बाबांच्या पोटात एक बारीक नळी कायमची बसवली. दिवसाआड घरीच ती पिशवीला जोडायची, लिटर-दीड लिटर पाणी हळूहळू काढायचं आणि नळी पुन्हा बंद करायची. हात स्वच्छ हवेत. ताप आला किंवा पाणी गढूळ दिसलं तर लगेच फोन करायचा. "याने आयुष्य वाढणार नाही," त्या म्हणाल्या, "पण जेवता येईल, आडवं होता येईल."

शिकवायला आलेल्या नर्सबाईंसमोर माझ्या नवऱ्याने नळी हातात घेतली आणि पांढराफटक पडून तो फरशीवरच बसला. म्हणजे उरले मी. नर्सबाईंनी मला बाहेरच्या खोलीत एका सुट्या नळीवर सगळं शिकवलं. नर्सबाई वाघोलीहून फक्त सोमवारी येणार होत्या.

"मग सोमवारीच काढू," बाबा म्हणाले.

बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. शनिवारी दुपारी त्यांचं पोट घट्ट तटतटलं होतं. दोन घास भात खाऊन त्यांनी ताट सरकवलं आणि उशीला टेकून धापा टाकत राहिले. मी पिशवी घेऊन गेले, तर म्हणाले, "आता सुनेपुढे उघडं व्हायचं तेवढं राहिलंय."

मी मुळातच तिखट. म्हटलं, "तुम्ही लाजत बसा, आणि इकडे तुम्हाला बघून माझा जीव कासावीस होतोय. असंच चाललं तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल. चालेल?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. दोन-चार पातेली आपटून झाल्यावर माझीच मला लाज वाटली. पोट, झोप, जेवण, सगळं त्या माणसाच्या हातून गेलं होतं. तो मागत काय होता, तर अंगावरचा सदरा.

मी कपाटातून त्यांचा जुना सदरा काढला. डाव्या बाजूला, नळी बाहेर येते तिथे, तळहाताएवढा चौकोन कापला. कडा दुमडून शिवल्या, वर त्याच कापडाचं झाकण लावून त्याला दोन बटणं केली. शिवण वाकडीतिकडी झाली. मला शिवणकाम येतं असं कुणीच म्हणणार नाही.

त्यांनी सदरा उलटसुलट करून पाहिला. "खिसा चुकीच्या जागी लावलायस," ते म्हणाले.

"त्यात पेन ठेवायचं नाहीये," मी म्हटलं.

मी बाहेर थांबले. आतून हाक आली तेव्हा ते गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते, फक्त तेवढं झाकण उघडं. मी हात धुतले, हातमोजे चढवले, नळी जोडली. पाणी पिशवीत उतरायला लागलं, तसे ते छताकडे बघत म्हणाले, "किती क्युसेक?" मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि कित्येक दिवसांनी आडवे होऊन झोपले.

पुढे सात आठवडे दिवसाआड आमचं हे काम चाललं. एकदा नवरा दारात उभा होता. त्याला बाबा म्हणाले, "मी गेल्यावर या नळीवरची पट्टी हिलाच बांधू दे. तू पडशील."

ते घरीच, सकाळी, चहाचे दोन घोट घेऊन गेले. जमलेल्या वडीलधाऱ्यांनी आंघोळीच्या वेळी बायकांना बाहेर जायला सांगितलं. मीही उठले. नवऱ्याने माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबांनी हिला थांबायला सांगितलंय."

कुणीतरी सदरा उतरवला. मी नळी पुसली, तिच्यावर कापूस ठेवून पट्टी बांधली. त्यांचं पोट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कुणी काही म्हणायच्या आत मी त्यावर पंचा ओढला आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून सगळ्यांसमोर मोठ्याने रडले.