पेटीतलं भात

मुंबईकरांनी पत्र्याच्या ट्रंका आणल्या आणि जुन्या दागिन्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. त्या गोळा करत पाचाडकडचा एक माणूस वैशाखात आंबेनळीखालच्या आमच्या वाडीत आला. पेट्या तो विकायचा नाही, घरी पडवीत मांडून ठेवायचा. नव्या कळशीच्या बदल्यात मी त्याला सासूबाईंची शिसवी पेटी दिली. दागिने केव्हाच मोडले होते, पण रिकामं भांडं कुणाला देऊ नये, म्हणून तिच्यात ओंजळभर भात घातलं.

त्यानं धोतराच्या सोग्यानं पेटी पुसली, कानाशी धरून हलवली आणि हसला. "भरल्या घरावानी वाजते, वैनी."

त्याच पावसाळ्यात नदीनं आमचं शेत खरवडून नेलं. नव्याच्या पुनवेला दाराला बांधायला घरची एक लोंबी नव्हती आणि शेजारी मागायला जीव धजत नव्हता. तेवढ्यात तो अंगणात उभा! पिशवीतून त्यानं भरल्या लोंब्यांची जुडी काढली.

"शेत गेल्याचं कळलं. घ्या, तुमचंच हाय. मी पेटी घेतली व्हती, भात नाय. ते पेरलं माझ्या शेतात."

दाराला मी एकच लोंबी बांधली. बाकीच्या बियाण्याला ठेवल्या.