‘बेवा’ लिहा

निजामाच्या अमलात मी औरंगाबादेत पैठण दरवाजाच्या जकात नाक्यावर कारकून होतो. अंगात परोपकाराची खाज लई. सरकारचा मोहताजखाना, म्हणजे निराधारांचं घर, हाकेच्या अंतरावर. तरी एक म्हातारं जोडपं दरवाजाच्या कमानीत माघाच्या थंडीत कुडकुडत पडायचं. मला त्याचा भारी राग यायचा.

म्हातारा पिशोरकडचा पाथरवट. जात्यांना टाकी लावता लावता कपच्या उडून दोन्ही डोळे गेलेले. म्हातारी काठीचं एक टोक धरून त्याला फिरवायची. त्याचा खोकला असा, की नाक्यावर थांबलेले बैल दचकायचे.

मी रोज तिच्या मागं लागायचो. "आजी, तिथं गरम भाकरी, घोंगडी, हकीम, सगळं आहे. का जीव देता इथं?"

"नाय बा. तिथं गड्यांचं येगळं, बायांचं येगळं. माझ्याबिगर त्यांला पाण्याचा तांब्याबी सापडत नाय."

"अहो, दर शुक्रवारी नवरा-बायकोला भेटू देतात. मी जामीन!"

मोठा जामीन लागून गेलो होतो! शेवटी म्हाताऱ्याला ताप चढला, तेव्हा कुठं ती कबूल झाली.

गेल्या गेल्या त्याला मर्दान्यात, म्हणजे गड्यांच्या बाजूला, नेलं. जनान्याच्या दारात मुन्शी दप्तर उघडून बसला होता. "शौहर का नाम?" त्यानं विचारलं. म्हातारीनं पदर ओढून तोंड फिरवलं. नवऱ्याचं नाव बाई घेईल कशी? मलाही ठाऊक नव्हतं. मी आपला त्याला 'बाबा' म्हणायचो. मागं रांग लागलेली, मुन्शी वैतागलेला, मला नाक्यावर परतायची घाई. मर्दान्यात जाऊन विचारून यायला असा कितीसा वेळ लागला असता? पण मी म्हणालो, "बेवा लिहा. उद्या येऊन दुरुस्त करतो." बेवा म्हणजे विधवा. कपाळावर एवढं ठसठशीत कुंकू असलेल्या बाईला मी विधवा करून आत धाडलं.

दुसऱ्या दिवशी मला चिकलठाण्याच्या नाक्यावर पाठवलं, आणि माझा 'उद्या' तीन आठवड्यांनी उजाडला. खोटं कशाला बोलू, मी विसरलो.

परत गेलो तेव्हा मर्दान्यातल्या शिपायानं सांगितलं, म्हातारा गेला, दोन आठवडे झाले. सारखा म्हणायचा, माझ्या म्हातारीला बोलवा. पण दप्तरात त्याची बायको कुठंच नव्हती. बेवारस म्हणून माती दिली. इकडं म्हातारी दर शुक्रवारी दाराशी जाऊन बसत होती. "बेवाचा कसला नवरा, माई?" म्हणून पहाऱ्यावरची बाई तिला हसून माघारी धाडायची. तो गेल्याचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

ते मीच सांगितलं. केलं काय तेही सांगितलं. ती रडली नाही. पदरानं कुंकू पुसलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आजी, चला, कमानीत पोचवतो तुम्हाला," मी म्हणालो. माझ्या हातात दुसरं होतं काय?

"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाते हितंच. आता येगळं कराया ऱ्हायलंय कोन?"