पाय म्हणजे चटई नव्हे

"ह्याला अ‍ॅफेजिया म्हणतात," डॉक्टर माझ्या यजमानांना म्हणाले. "बुद्धी शाबूत आहे. फक्त शब्द सापडत नाहीत."

मी पलंगावरून सगळं ऐकत होते. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून स्ट्रोक झाला होता, उजवा हात लुळा पडला होता. पण माझी चिडचिड वेगळ्याच गोष्टीने झाली. कुंभकोणमच्या शाळेत तीस वर्षं तमिळ व्याकरण शिकवलेली मी, आणि नेमकं तमिळच गेलं. तोंडातून निघायची ती आमची घरची मराठी, पूर्वजांनी तंजावरला आणलेली, महाराष्ट्रातले पाहुणे जिला हसतात ती. आठ दिवस नर्सना वाटायचं, बाई बरळतेय. हे दुभाषे झाले म्हणून माझं निभावलं.

तमिळ परतलं, पण लंगडत. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे पुन्हा बोलायला शिकवणारी मुलगी, म्हणाली, घरात बसू नका, माणसांत काम शोधा. म्हणून मी स्वयंसेवक व्हायला निघाले. ते सोपं असतं असं समजू नका. मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या संस्थेने गोड बोलून वाटेला लावलं. देवळाच्या तळ्याची सफाई करणाऱ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि नुसती कापी, म्हणजे कॉफी, पाजली.

तिसरी संस्था इस्पितळात स्ट्रोकच्या रुग्णांपाशी बसायला माणसं पाठवते. तिथली सेल्वी स्पष्ट बोलणारी. चार मंगळवार या, जमलं तर ओळखपत्र देऊ, म्हणाली. फॉर्मवर 'येणाऱ्या भाषा' ह्यापुढे मी फक्त तमिळ लिहिलं. मराठी इथे कोणाला हवी?

तीन मंगळवार मी पाण्याच्या बाटल्या भरल्या, उशा सारख्या केल्या. एका आजोबांना तर माझं वाक्य पुरं होईपर्यंत झोप लागली. सेल्वीने ते पाहिलं. आपलं काही खरं नाही, हे मला कळलं. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

चौथ्या मंगळवारी दारासुरमच्या राधाबाईंपाशी बसायचं होतं. स्ट्रोक होऊन दोन आठवडे झालेले, मुलगा कामावर गेलेला. इतके दिवस गप्प असलेल्या बाई त्या सकाळी पहिल्यांदा बोलल्या होत्या, आणि एकच शब्द: पाय, पाय. तमिळमध्ये पाय म्हणजे चटई. नर्स वैतागली होती. आजीला खाली निजायचंय, म्हणाली, आणि चटई आणली तर ढकलून देतात.

मी वाकले आणि आमच्या भाषेत विचारलं, "कोणता पाय, अक्का?"

बाईंचे डोळे भरून आले. "डावा," त्या म्हणाल्या. "दुखतो गे. चटई नक्को मज."

पांघरूण सारलं. डावी पोटरी चांगलीच सुजलेली, हाताला गरम. नर्सला हाक मारली आणि ऐन वेळी तमिळने पुन्हा दगा दिला. कसेबसे तीन शब्द निघाले.

"पाय इल्लै. काल."

म्हणजे चटई नाही, पाय. व्याकरणाच्या बाईचं एवढंच वाक्य.

तासाभरात डॉपलर झाली, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते पाहणारी सोनोग्राफी. डीप व्हेन थ्रॉम्बोसिस निघालं, पायातल्या खोल शिरेत गुठळी. रक्त पातळ करणारं औषध लगेच सुरू झालं.

"ही फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले. "कोणी ओळखलं?"

नर्सने माझ्याकडे बोट केलं. मी वर्गात पहिल्या आलेल्या पोरीसारखी ताठ उभी राहिले. अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर त्याची घरची भाषा पहिल्याच दिवशी नर्सला सांगा. एक पाय सुजला, गरम लागला तर चोळत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. आणि तुम्ही स्वतः बरे होत असाल तर काम शोधत फिरा. दोन दारांवरून परत आलात तरी तिसरं ठोठावा.

राधाबाई आता काठी घेऊन चालतात. मला पाहिलं की विचारतात, चटई आणलीस का?

ओळखपत्र त्या चौथ्या मंगळवारीच संध्याकाळी मिळालं. भाषा: तमिळ. त्याखाली सेल्वीने पेनाने, तमिळ अक्षरांत, आणखी एक लिहिली होती: मराठी. स्पेलिंग साफ चुकलेलं. असल्या चुकांखाली मी तीस वर्षं लाल रेघ ओढली. ही चूक मी दर मंगळवारी गळ्यात घालून मिरवते.