रेणुसूत्राची दुपार
आम्ही परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या उपनगरात राहत होतो तेव्हाची गोष्ट. सोमवारी लेकीची केमिस्ट्रीची परीक्षा होती आणि रविवारी दुपारी बीचवर जायचं ठरलेलं असताना ती एका गणितापाशी अडून बसली होती. एका वायूत ८५.७ टक्के कार्बन, बाकी हायड्रोजन. त्याचा फॉर्म्युला काढायचा होता.

मी पुण्यात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलेला, पुढे आयटीत शिरलेला. मला एकदम हुरूप आला. म्हणालो, "अगं, रेणुसूत्र काढणं सोपं असतं."

"हू इज रेणू?" तिनं विचारलं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

हसू आवरत मी टक्क्यांना अणुभारांनी भागलं. एका कार्बनमागे दोन हायड्रोजन आले. "सीएच-टू!" मी जाहीर केलं.

"बाबा, असा गॅसच नसतो," ती इंग्रजीत म्हणाली.

खरंच होतं. मी काढलं होतं ते नुसतं प्रमाण. एका रेणूत अणू किती, ते वायूच्या वजनावरून ठरतं, हे मी साफ विसरलो होतो.

तिनं गणित पुन्हा वाचलं. सहा लिटर वायूचं वजन साडेदहा ग्रॅम दिलं होतं, आणि एक मोल म्हणजे चोवीस लिटर.

"सो फॉर्टी-टू ग्रॅम्स. सीएच-टू इज फोर्टीन. म्हणजे तीन वेळा! सी-थ्री एच-सिक्स!"

'म्हणजे तीन वेळा' ती चक्क मराठीत म्हणाली होती, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिनं पुढचं गणित माझ्याकडे सरकवलं, आणि त्या दिवशी बीचवर जायचं राहूनच गेलं.